पालखीकडे पाठ केलेली मुलं

आलेलं सामान असं: पाट्या दोन डझन, एक हजार ऐंशी रुपये. पाटीवरच्या पेन्सिलींचे तीन खोके, नव्वद. अंकलिप्या वीस, पाचशे. जाड सतरंजी एक, साडेसहाशे. एस.टी.च्या पार्सलचं भाडं एकशेवीस. एक पाटी फुटकी निघाली, ती दुकानदाराने बदलून द्यायचं कबूल केलंय, अजून दिलेली नाही. हे पैसे आमच्या मंडणगडच्या भजनी मंडळातल्या बायकांचे. यंदा संक्रांतीला कुणी वाण लुटलं नाही. प्लास्टिकचे डबे घरोघर पुरेसे झालेत असं ठरवून सगळ्यांनी ती रक्कम माझ्याकडे दिली.

सामान माझी भाची वृंदा हिच्या वर्गासाठी होतं. वृंदा डी.एड. आहे, पण नोकरी नाही. लांजा तालुक्यातल्या एका आतल्या गावात ती सासरी राहते. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी ओळखायचं ते ओळखतील. त्या गावाच्या शिवेवर चिऱ्याची खाण आहे आणि खाणीवर छत्तीसगडच्या जंगलातून आलेली माणसं राबतात. तिकडे दोन्हीकडचे बंदूकवाले नि मध्ये गाव, असं वर्षानुवर्षं चाललं, म्हणून घरं सोडून निघालेली. त्यांची सतरा मुलं वृंदा काजूच्या झाडाखाली शिकवते.

फोनवर वृंदा म्हणाली, "मावशी, सामान पार्सलनेच पाठव, तू कशाला त्रास घेतेस?"

"शिमग्याला येते," मी म्हटलं. "देवीची पालखी बघीन, तुझी पोरंही बघीन. एका तिकिटात दोन कामं."

आमचे हे म्हणाले, "तिकीटही अर्धंच आहे तुम्हाला." खरंच आहे. बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झाल्यापासून मी घरात कमी दिसते अशी यांची तक्रार आहे.

पहिला मुक्काम, अलोरे

मंडणगड ते चिपळूण सकाळच्या गाडीने गेले. शिमग्याच्या आठवड्यात जाणार असाल तर सकाळचीच गाडी धरा. दुपारी मुंबईहून उतरलेले चाकरमानी आणि त्यांच्या बॅगा यांच्यात तुम्हाला उभं राहायलाही जागा मिळणार नाही. तिकीट नव्वदच्या आत. जेवण मी घरूनच नेते: थालीपीठ, लोणचं, पाण्याची बाटली. स्टँडवरचा वडा खाऊन पोट बिघडलं की वड्याचे वीस आणि डॉक्टरचे तीनशे.

चिपळूणहून अलोऱ्याला नणंदेकडे मुक्काम केला. कोयना प्रकल्पाची कॉलनी तिथे. माझे नंदावे प्रकल्पातच होते. संध्याकाळी वन्सं मला फिरायला घेऊन गेल्या. रस्ते सावलीचे, हवा गार, चालायला फार छान. पण बंद क्वार्टर्स बघून मला राहवेना. भिंती उभ्या, छप्परं शाबूत, दाराला कुलूप.

"आत कोण असतं?" मी विचारलं.

"साप," वन्सं म्हणाल्या. "सरकारी आहे गं. कुलूप असायचंच."

उद्या मी झाडाखाली भरणारा वर्ग बघायला निघणार होते आणि आज सापांची क्वार्टर्स बघत होते. राग तिथपासूनच चढायला लागला होता, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

लांजा आणि पुढे

चिपळूण ते लांजा महामार्गाने. रस्त्याबद्दल मी लिहीत नाही, तोंड खराब होईल. खिडकीची काच लावून घ्या आणि पदर नाकाला लावा, एवढंच सांगते. लांजात उतरलं की बाजारात सुके काजू मिळतात, पण मार्च महिना असेल तर ओल्या काजूगरांची चौकशी करा. भाव ऐकून मी हात मागे घेतला. वृंदाच्या सासूबाईंनी त्याच संध्याकाळी घरच्या काजूगरांची उसळ केली, तेव्हा देवाला हात जोडले. लांज्याहून त्या गावाला दिवसात दोनच गाड्या आहेत. स्टँडवर आधीच येऊन पडलेलं पार्सल सोडवून घेतलं, ते जड होतं म्हणून रिक्षा केली. अडीचशे मागितले, दोनशेवर आला, शिवाय वाटेत त्याने आपल्या मेव्हण्याची पोती उतरवली, ती मीच धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग बघितला.

खाण म्हणजे जमिनीत कापलेला लाल हौद. यंत्राची पाती चिरा कापतात, त्याची धूळ उडते आणि सगळं लाल: पानं, कुत्री, वाळत घातलेले कपडे. कडेला ताडपत्रीच्या झोपड्या. त्यापलीकडे काजूचं झाड आणि खाली सतरा मुलं. पाच-सहा जणींच्या कडेवर धाकटी भावंडं. आया चिरे उचलायला जातात, तेव्हा पोरं सांभाळायची कुणी? म्हणून वृंदाच्या वर्गात कडेवरच्यांचीही हजेरी असते.

तिचा वर्ग आपल्या शाळेसारखा नाही. फळ्यावर ती आधी मुलांचा शब्द लिहिते, मग आपला. "येर" लिहिलं होतं आणि शेजारी "पाणी". पाढे रचलेल्या चिऱ्यांवर. मुलं बापाने रचलेला थर बघून सांगतात, चार ओळी, सहा-सहाच्या, चोवीस. मुलं वयाप्रमाणे नाही, जमेल तशी बसतात. बारा वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्या मुलीशेजारी अ काढतो आणि कुणी हसत नाही. वर्षभरात त्यांना आपल्या वयाच्या इयत्तेत बसता यावं एवढं मराठी आणि गणित करून घ्यायचं, हे तिचं काम.

आणि एक गोष्ट. ती शिट्टी वाजवत नाही, टाळी वाजवत नाही. "पहिल्या दिवशी खेळायला म्हणून शिट्टी फुंकली," तिने मला सांगितलं, "तर अर्धा वर्ग झाडीत पळाला. शोधून आणायला दुपार झाली."

बुधरी मुलींमधली मोठी, दहाची असेल. कडेवर भाऊ मंगलू. तिला तिसरीपर्यंतचं येतं. मी विचारलं, तुझी गावची शाळा कशी होती? ती मोडक्या मराठीत म्हणाली, "पक्की होती. आधी एक बंदूकवाले येऊन राहिले. मग दुसरे बंदूकवाले आले, भिंत पाडली."

"मग?"

"मग शाळा नाही." ती मंगलूचं नाक पुसायला लागली. तिच्या बाजूने विषय संपला होता.

आता गावाची गंमत ऐका. गावात शाळा आहे. चांगली कौलारू, नळ आहे, खिचडी शिजते. आणि पट किती? चार. पट असाच राहिला तर जूनमध्ये शाळा बंद आणि चारही मुलं गाडीने दुसऱ्या गावाला, असं वरून कळलेलं. गुरुजी हवालदिल. मी आणि वृंदा त्यांच्याकडे गेलो. माणूस वाईट नाही, हे सांगायला हवं. चहा दिला, बसायला खुर्ची पुसून दिली.

"बाई, एक पाचवं मूल मिळालं तर मी देवीला नारळ बोललोय," ते म्हणाले.

"सतरा मिळतायत," मी म्हटलं. "खाणीवर."

"त्यांच्याकडे दाखला नाही."

वृंदाने पर्समधून छापील कागद काढला. दाखला नसला तरी वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं, असा कायदाच आहे. गुरुजींनी तो बघितलाही नाही. "मला पाठ आहे तो, वृंदाताई. पण मला या गावात राहायचंय. पावसात खाण बंद झाली की ती पोरं कुठे जातात कोण जाणे, आणि आपली माणसं म्हणतात, खाणीवरच्या पोरांत आमची पोरं बसवायची नाहीत. तुम्ही गावकीचं 'हो' आणा. शिमगा झाला की दुसऱ्या दिवशी नावं घालतो. देवीशप्पथ."

म्हणजे अडलं होतं ते कागदावर नव्हतंच. गावकी म्हणजे मानकरी आणि मुख्य मानकरी अप्पा. बाकीची गावकी मुंबईत, तिथल्या मंडळात. ती फोनवर "अप्पा म्हणतील तसं" म्हणते आणि अप्पा म्हणतात, "मुंबईकर म्हणतील तसं."

संध्याकाळी वृंदा आणि मी ओटीवर बसून ठरवलं. उद्या पालखी घरोघर फिरताना खाणीच्या वळणावरून जाते. तिथे मुलांना उभं करायचं. न्हाऊन, केस विंचरून, प्रत्येकाच्या हातात फूल, बुधरीच्या हातात नारळ. गावाने एकदा बघावं, ही पोरंही देवीला हात जोडतात. त्यानंतर नाही कसं म्हणतील?

पालखीचा दिवस

ज्यांनी आपल्याकडचा शिमगा बघितला नाही त्यांनी आयुष्यात एकदा बघावा, हे मी रागातही सांगते. पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात ते बघताना माझ्या अंगावर काटा येतो. देवी घराघरात येते. वर्षभर बंद असलेली मुंबईकरांची घरंसुद्धा त्या दिवशी उघडी, सारवलेली. राहायची सोय गावातल्या कुणाही घरी होते. लॉज शोधू नका, अपमान वाटतो लोकांना.

मुलं सकाळपासून उभी होती. लाल धुळीत न्हाऊन स्वच्छ राहणं सोपं नाही, तरी बुधरीने धाकट्यांना हलू दिलं नव्हतं. ढोल जवळ आला, मुलं मान उंच करून बघायला लागली. दोघं-तिघं हसत होती. पालखी वळणावर आली. आणि पुढे चालणाऱ्या पोरांनी रिवाजाप्रमाणे फटाक्यांची माळ लावली.

सतराच्या सतरा मुलं जमिनीवर पालथी पडली. तोंडं मातीत, हात कानांवर. रडणं नाही, ओरडणं नाही. त्यांना हे कुणीतरी शिकवलेलं होतं आणि त्यांचा तो धडा पक्का होता. मग बुधरी उठली, मंगलूला काखेत मारलं, दुसऱ्या हाताने जी सापडली ती ओढली, आणि सगळी वाकून पळत खाणीच्या खड्ड्यात उतरली. वाटेवर फुलं राहिली आणि नारळ घरंगळत पालखीवाल्यांच्या पायाशी गेला.

शिट्टी वाजवायची नाही हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. फटाक्यांचा विचार दोघींच्याही मनात आला नाही. कारण शिमग्याचा फटाका आपल्या कानाला आवाज वाटतच नाही. देवी आली, एवढंच ऐकू येतं.

गर्दीतून कुणी म्हणालं, "बगा. पालखीला पाठ केली."

दुसरा म्हणाला, "अपशकुन हाय हा. सांगत व्हतो, ही पोरां बरी नाय."

गुरुजी तिथेच होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी टोपी सारखी केली आणि पालखीमागे निघून गेले. वृंदा खड्ड्यात उतरली. मी नारळ उचलला, पुसला आणि मीही पालखीमागे निघाले.

सहाणेवर

दुपारी पालखी सहाणेवर बसते. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा गावचा चौथरा. तिथे गाऱ्हाणं होतं. सगळं गाव हात जोडून उभं असतं, अप्पा देवीला साकडं घालतात आणि प्रत्येक मागण्यावर गाव म्हणतं, "व्हय महाराजा."

अप्पांचा आवाज खणखणीत आहे, ऐकत राहावं असा. "मुंबैत गेलेल्या तुझ्या लेकरांची राखण कर."

"व्हय महाराजा."

"शिवेत आल्या-गेल्याची, वाटसराची, आसऱ्याला आलेल्याची राखण कर."

"व्हय महाराजा."

"गावची शाळा बंद पडतेय. तुझ्या शाळेत लेकरां येऊ दे, दार उघडं राहू दे."

"व्हय महाराजा." या वेळी आवाज सगळ्यांत मोठा होता.

माझ्या हातात तो नारळ होता. मी पुढे झाले. "अप्पा," मी म्हटलं.

"बाय, गाऱ्हाण्यात बायकांनी बोलायचं नसतं."

बरोबर आहे. रीत आहे ती. मी मागे सरले आणि प्रसाद वाटून होईपर्यंत खाली बसले. मग उभी राहिले.

"अप्पा, आता गाऱ्हाणं संपलं. आता मी माणसांशी बोलतेय. तुम्ही देवीकडे शाळेसाठी लेकरं मागितलीत. तिने सतरा आधीच पाठवलीत, तुमच्याच शिवेत. आसऱ्याला आलेल्याची राखण कर म्हणालात आणि सगळे व्हय म्हणालात. कुणाला म्हणालात?"

मागून एक तरुण हसत म्हणाला, "मावशीच्या अंगात आलं वाटतं."

"अंगात आलं असतं तर पाया पडला असतास," मी म्हटलं. "मी शुद्धीवर आहे म्हणून तुला हसू येतंय."

अप्पा म्हणाले, "बाय, त्यांनी पालखीला पाठ केली. डोळ्यांनी बगितलं सगळ्यांनी."

"पालखीला नाही, आवाजाला केली. त्यांच्या गावात तसा आवाज झाला की माणूस मरतं. दहा वर्षांच्या पोरीने स्वतः पळायच्या आधी भावाला उचललं, तेही बघितलंत ना डोळ्यांनी? का तेवढंच दिसलं नाही?" मी नारळ पालखीपुढे ठेवला. "हा त्या पोरीचा नारळ. तिच्या आईने मजुरीतून आणलेला. देवीने परत केला असेल तर तसं सांगा, मी घेऊन जाते."

नारळ कुणी उचलला नाही. आणि देवीने तो परत केला असं म्हणायची छातीही कुणाची झाली नाही. अप्पा नारळाकडे बघत म्हणाले, "कौल लावू. देवी काय सांगल ते. मुंबैकरांची संमती येऊ दे, मग लावू."

कौल म्हणजे देवीला फुलं लावून विचारायचं, उजवं पडतं का डावं. माझा कौलावर विश्वास आहे. म्हणूनच मला जास्त संताप आला. खाणीला जमीन दिली तेव्हा कौल लावला होता? सहाणेशेजारी क्रिकेटच्या सामन्यांचा मांडव घातला तेव्हा? देवीला विचारायची आठवण बरोबर त्याच वेळी येते, जेव्हा स्वतः हो म्हणायची लाज वाटते. देवीच्या नावाने चालढकल करणं याला मी भक्ती म्हणत नाही, कुणी कितीही मोठा मानकरी असो.

घरी आल्यावर वृंदा भांडी आपटत होती. शेवटी म्हणाली, "मावशी, तू उद्या एस.टी.त बसशील. मला इथल्या विहिरीवर जायचंय."

"मग गप्प बसू?"

"गप्प बस असं नाही म्हणाले. पण मी वर्षभर एकेका घरी जाऊन मन वळवत होते. आता सगळे एका बाजूला आणि मी एका." थोड्या वेळाने ती म्हणाली, "पोरं खड्ड्यातून संध्याकाळी वर आली. बुधरी विचारत होती, नारळ कुठे गेला. तिला वाटलं, आई मारेल."

"काय सांगितलंस?"

"देवीपुढे आहे म्हटलं." मग ती जरा हसली. "खरंच आहे ना अजून?"

परत

सकाळी गाडीची वाट बघत थांब्यावर बसले होते, तर एक तरुण बाई पाण्याची कळशी घेऊन शेजारी टेकली. अप्पांची सून. तिची मुलगी पटावरच्या त्या चौघांतली, दुसरीत एकटीच.

"मावशी," ती हळू म्हणाली, "माजी पोरगी सुट्टीत भिंतीवर चेंडू मारते. दुसरं कोण नाय खेळायला. ती पोरां आली तर बरंच व्हईल."

"हे काल सहाणेवर का नाही बोललीस?"

"मानकऱ्याची सून मी." ती कळशी उचलून उठली. "पण नारळ अजून तितंच हाय. सासऱ्यांनी हात लावला नाय, कुणाला लावू पण दिला नाय. राती जेवले पण नायत नीट."

गाडी आली. लांजा, चिपळूण, मंडणगड. वाटेत खाल्लं काही नाही, खर्च फक्त तिकिटांचा.

घरी येऊन आठवडा झाला. अंगणात कपडे झटकले तर लाल धूळ अजून निघते. भजनी मंडळात बायकांनी विचारलं, पाट्या पोचल्या का? पोचल्या म्हटलं. सतरंजी झाडाखाली पसरलीय, मुलांनी पाट्यांवर नावं काढलीत. काय बघितलं विचाराल तर पालखी बघितली आणि पालथी पडलेली मुलं बघितली. आता भजनात देवीचं नाव घेताना ती दोन्ही एकदमच दिसतात. राग गेलेला नाही आणि जावा अशी इच्छाही नाही. जूनमध्ये गावातल्या शाळेला कुलूप लागेल आणि पावसाने खाण भरली की ती सतरा मुलं दुसऱ्या कुठल्या तरी शिवेत जातील. मग त्या गावात शाळाही नाही, मुलंही नाहीत. साप राहतील.

हे लिहिलंय ते फिरायला जाणाऱ्यांसाठी आहे, पण खरं तर मुंबईतल्या त्या मंडळासाठी आहे. तुम्ही कोण ते तुम्हाला कळलंय. तुमचं काय असेल ते कळवा. अप्पांना फोन करू नका, फोनवरचं "बघू" मी खूप ऐकलंय. कागदावर लिहा. पत्ता तुमच्याच गावाचा, पिनकोडासकट पाठ असेल. वर नाव वृंदाच्या वर्गाचं घाला, पोस्टमन काजूच्या झाडापर्यंत जातो, मी विचारून आले आहे. हो असेल तर एक ओळ पुरे. नाही असेल तर कारण लिहा, आणि अक्षर मोठं, सुटं काढा, जोडाक्षरं फार नकोत. बुधरी तिसरीपर्यंतच शिकलेली आहे आणि पत्र तीच वाचणार आहे.

उलट टपाली कळवा.